सतरा रकाने

पाटोदा, जि. बीड
12 मे

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन महिना झाला. शिव्या घालायच्या त्या भेटल्यावर घाल. निकालपत्रकं आत्ता संपली, लाईट गेलीय, शाळेत मी एकटाच आहे आणि समोर दोनशे पानी वही आहे. तिच्याबद्दलच लिहायचंय.

मागच्या पावसाळ्यात पोरांना झाडं वाटून दिली ते तुला फोनवर सांगितलं होतं. सीझनवॉच. बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमधून हे सुरू झालं, आता देशभरातल्या शाळा नोंदी पाठवतात, सगळ्यात जास्त केरळातल्या. प्रत्येकानं एक झाड धरायचं, आठवड्यातून एकदा त्याच्यापुढं उभं राहायचं. कोवळी पानं, जून पानं, वाळकी पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं, एकेकापुढं लिहायचं: नाही, थोडी, पुष्कळ. एवढंच. वही पोरांची, मोबाईलवर चढवणं माझ्याकडं, कारण रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली येते.

वहीच्या मागच्या बाजूला पाहुण्या पाखरांच्या तारखा. तिथं पहिला घोळ मीच घातला. ऑगस्टमध्ये मोठ्या थाटात 'धोबी आला' असं लिहिलं. सहावीतला एक पोरगा म्हणाला, "सर, ह्यो तर उन्हाळ्यातबी आमच्या हिरीवर असतो." जाऊन बघितलं तर काळं डोकं, डोळ्यावर पांढरी भुवई. म्हणजे कवडा धोबी, बारमाही इथलाच. थंडीत उत्तरेकडून येतो तो पांढरा धोबी, अंगानं लहान आणि तोंडानं पांढरा. तो ऑक्टोबरात आला आणि आमच्या मैदानावर शेपटी वरखाली करत फिरू लागला.

धोबी यायला आणि पोरं जायला एकच गाठ पडते. दिवाळी तोंडावर आली की ऊसतोडीच्या मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल घेतलेली असते, कोयता निघतो. म्हातारी माणसं आणि ज्यांना मागं ठेवता येतं ती पोरं उरतात, बाकी गाव थेट पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचं गाळप संपल्यावर परत. पाचवीतल्या एका पोरीचं झाड म्हणजे देवळामागचा बहावा. जाताना ती म्हणाली, "सर, माझ्या झाडाला बघा." मी हो म्हणालो.

नंदू, मी बघितलं नाही. एकदा गेलो असेन, दोनदा. मग कसलं तरी प्रशिक्षण, मग फॉर्म, मग विसरलोच. फेब्रुवारीच्या शेवटी वही उघडली तर तिचे सतरा रकाने रिकामे. एका बैठकीत, एका पेनानं भरून टाकले. हिवाळ्यात बहाव्याचं जे असायला पाहिजे ते लिहिलं: फुलं नाही, पिकलेल्या शेंगा पुष्कळ. फार चुकणार नाही असं वाटलं. मोबाईलवर चढवायचं तेवढं राहिलं होतं.

एप्रिलमध्ये ती परत आली. हाताला उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा. दप्तर खांद्यावरच होतं, आधी वही मागितली.

"सर, ह्या शेंगा कुणी बघितल्या?"

मी गप्प.

"तारंला लागत्यात म्हणून फांद्या तोडल्या, आजी म्हणली. संक्रांतीलाच. निम्मं झाड खाली आलतं."

मी त्या देवळावरून रोज गाडीवर जातो रे. निम्मं झाड नाहीसं झालं आणि मला पत्ता नाही.

लाल पेन तिनं माझ्याच खिशातला घेतला. सतराचे सतरा रकाने खोडून प्रत्येकापुढं लिहिलं, 'पाहिलं नाही'. रागावली वगैरे नव्हती, शुद्धलेखन सुधारावं तसं करत होती. मग दप्तरातून घड्या घातलेली कॅलेंडरची पानं काढली. सांगलीकडं कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, बापानं टांगलेलं कॅलेंडर. काही चौकोनांत पेन्सिलीनं लिहिलेलं: 'धोबी, पांढरा, पाटाजवळ.' 'भोरड्या, सांजच्याला, लई.' दोन चौकोनांत नुसतं 'ताप'.

भोरड्यांचं, म्हणजे त्या गुलाबी मैनांचं, ऐक. मी पोरांना सांगितलं होतं की त्या मध्य आशियातून येतात, तिकडं टोळ खातात, इकडं पळसाला आणि सावरीला मध प्यायला जमतात. एका पोराच्या बापानं गोफण हातात धरूनच ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कझाकस्तानातून येऊन माझीच ज्वारी सापडली का?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता बहावा फुललाय. उरलेल्या निम्म्या अंगावर पिवळे घोस लोंबतायत. पहिलं फूल 21 एप्रिलला, हे तिनं स्वतः बघून लिहिलं. मी म्हटलं, पुढं 'पुष्कळ' लिही. म्हणाली, "ह्या अंगाला काहीच नाही सर, सगळं झाड धरायचं आसतंय ना?" 'थोडी' लिहिलं. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस, असं तिची आजी सांगते. ह्या वर्षी तारीख हाताशी आहे, बघू.

आता तुझ्यासाठी काम. जूनमध्ये चातक येईल. पाठ काळी, पोट पांढरं, डोक्यावर तुरा, पंखावर पांढरा ठिपका, आणि आरडाओरडा तर सातभाईंच्या थव्याभोवती, कारण अंडी त्यांच्याच घरट्यात घालायची असतात. पावसाच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून येतो. पाहुण्या पाखरांच्या नोंदींसाठी 2007 साली मायग्रंटवॉच सुरू झालं, त्यात पुढं देशभरातल्या लोकांनी पहिला चातक कधी दिसला ह्याच्या तारखा कळवल्या होत्या. तुझ्या सांगोल्याच्या माळावर दिसला की मला तारीख कळव, पोरांना दोन गावच्या तारखा शेजारी शेजारी मांडायच्यात.

हे तिला सांगितलं तर विचारते, "तुमचे मित्र सोता बघणार का, का तुमच्यासारखं?"

तेव्हा जरा जपून. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता