खंडेनवमीला तोसदान पुजा, पण तेल लावू नका

मा. संपादक साहेब,

दसरा जवळ आलाय म्हणून हे पत्र घाईनं लिहितोय, जमलं तर नवमीच्या आधी छापा. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात मराठा पलटणीत भरती व्हायची रीत पिढ्यानपिढ्याची, 1922 पासनं तर सेंटरच बेळगावात, त्यामुळं कितीतरी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचा चामड्याचा काडतुसांचा पाउच असतो, जुनी माणसं त्याला तोसदान म्हणायची. वर्षातनं एकदा खंडेनवमीला तो बाहेर निघतो आणि तेव्हाच त्याची वाट लागते बघा. कुणी खोबरेल चोळतं, कुणी काळं बूट पॉलिश मारतं, पितळेची गुंडी चिंचेनं घासतात.

आमच्या घरी हेच झालं. पणजोबा बसऱ्याच्या लढाईला (पहिल्या महायुद्धात, इराकात) गेलेले एवढंच आम्हाला ठाऊक, पलटण कुठली ते कुणालाच सांगता येत नाही. त्यांच्या काडतुसांच्या पट्ट्याला आतल्या बाजूनं शिक्का होता, आकडे होते असं आजी सांगायची, पण इतक्या वर्षांच्या पॉलिशखाली सगळं बुजलं, आता उन्हात तिरकं धरलं की फक्त बाणाचं टोक दिसतं. त्या आकड्यांवरनं कदाचित पलटण कळली असती. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, पुसायच्या आधी झाकण उघडून आत बघा, मोबाईलवर फोटो काढा. तीन रेघांचा बाण म्हणजे सरकारी माल, बाणाखाली इंग्रजी आय असेल तर हिंदुस्थानातल्या फौजेचा, आणि साल, कारखाना (कानपूरला चामड्याचा मोठा सरकारी कारखाना होता) नाहीतर शिपायाचा नंबर पण असू शकतो. आमचा आहे तो खांद्यावरनं तिरका घालायचा 1903 पॅटर्नचा पट्टा, पाच खिसे, एकेका खिशात 10 म्हणजे 50 काडतुसं, घोडदळाच्या पट्ट्याला नऊ खिसे म्हणजे 90. पेटीच्या आत भोकं पाडलेला लाकडी ठोकळा असेल तर ती त्याहून जुनी, कागदी काडतुसांच्या जमान्यातली, आणि आत मेंढीची लोकर लावलेली मुठीएवढी पिशवी म्हणजे टोप्यांची (बंदुकीचा बार पेटवायच्या धातूच्या बारक्या टोप्या), धावताना टोप्या सांडू नयेत म्हणून लोकर. शिवणीत पांढरी पूड अडकलेली दिसली तर तिला घाण समजून खरवडू नका, पांढरे पट्टे चकचकीत ठेवायला शिपाई पांढरी माती लावायचे तीच ती.

विकत घेणाऱ्यांनी जपून राहावं. दुसऱ्या महायुद्धाचा म्हणून चामड्याचा पाउच कुणी दाखवला तर जरा थांबा, इटलीत लढलेल्या आपल्या पायदळाकडं 1937 पॅटर्नचे कापडी पाउच होते. चामड्याची कापलेली कड बघा, हिरडा-बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं, हल्लीच्या क्रोम चामड्याची (सालीऐवजी क्रोमच्या रसायनात कमावलेल्या) कड बहुतेक वेळा निळसर-करडी दिसते. मला हे अथणीच्या एका चपला करणाऱ्या काकांनी दाखवलं, त्यांनी नुसतं बोट फिरवून सांगितलं की ओ, हे आमच्या पद्धतीचं कमावलेलं. पितळी म्हणून सांगितलेल्या गुंडीला चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे. शिवण हाताची की मशीनची यावरनं मात्र ठरवू नका, मशीन तेव्हाही होतं. त्यापेक्षा झिज बघा, झाकणाच्या पट्टीचं भोक ताणलेलं आणि मागचा पट्टा घुसायचा लूप घासलेला असायला पाहिजे, सगळीकडं सारखी झिज असेल तर ती मुद्दाम केलेली.

तेल का नको, तर ते चामड्यात मुरून धूळ धरतं आणि पितळेजवळ हिरवा मेणासारखा थर येतो. हाताला तांबडी भुकटी लागायला लागली तर चामडं मेलं म्हणायचं, मग कसल्याच तेलानं ते परत येत नाही. कोरड्या मऊ ब्रशनं झटकायचं, सुती कापडात गुंडाळायचं, आमच्याकडच्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको, बुरशी येते. हळदी-कुंकू शेजारी ताटात ठेवा, चामड्यावर नको.

आत जिवंत काडतूस निघालं तर खेळत बसू नका, 1959 च्या शस्त्र कायद्यानं त्याला लायसन लागतं, पोलिसांना कळवा. आणि 100 वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू परदेशात पाठवायला 1972 च्या कायद्यानं बंदी आहे, हे बाहेर पार्सल करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

संपादक साहेब, वाचकांनी काढलेले शिक्क्यांचे फोटो तुम्ही रविवारच्या अंकात छापलेत तर ओळखणारे जुने फौजी अजून आमच्या गावांत आहेत. पहिला फोटो मी पाठवतो, अर्ध्या बाणाचा.

आपला एक वाचक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव