रेग्युलेटर बदलायला मदत करणाऱ्या सगळ्यांचे आभार

एअरगनच्या हवेच्या बाटलीचा रेग्युलेटर (बाटलीतला जास्त दाब कमी करून गनला एकसारखा दाब देणारा भाग) अखेर बदलून झाला, सांभाळून घेणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. गन थोडा वेळ तशीच ठेवली की पहिल्या शॉटचा वेग वेगळाच यायचा, तेव्हा एकाने लगेच ओळखलं की आउटपुट प्रेशर (रेग्युलेटरमधून बाहेर येणारा दाब) हळूहळू चढतंय म्हणजे आतली व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह बंद होताना ज्यावर घट्ट बसतो तो भाग) गेली असणार, आणि तसंच निघालं. बाटली पूर्ण रिकामी केल्याशिवाय पाना लावू नका हे तर कितीजणांनी बजावलं, २०० बार दाब (नेहमीच्या हवेच्या दाबाच्या जवळपास २०० पट) म्हणजे खेळ नाही हो. आणि ओ-रिंगला (हवा गळू न देणाऱ्या रबरी रिंगला) साधं तेल नको, सिलिकॉन ग्रीसच लावा, एवढ्या दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं, हे सांगणाऱ्या दादांचे विशेष आभार. आता क्रोनोग्राफवर (छऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) आकडे एकसारखे येतायत, खूप बरं वाटतंय!