सूचना : शाळांत व खुल्या कार्यक्रमांत पुरातत्त्वविषयक माहिती देण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, शाळांमध्ये किंवा खुल्या कार्यक्रमांत स्थानिक इतिहासाची माहिती देताना वस्तूइतकेच महत्त्व ती ज्या थरात आणि ज्या अवशेषांच्या सोबतीने सापडली त्या संदर्भालाही द्यावे. कारण नोंद न करता जागेवरून उचललेले खापर कितीही देखणे असले, तरी स्थळाच्या इतिहासाविषयी ते फारच थोडे सांगू शकते. मुलांच्या हाती मूळ वस्तूंऐवजी प्रतिकृती द्याव्यात, आणि जुनी नाणी तर कोणीही घासून चकचकीत करू नयेत.

वस्तूचे वय कसे ठरवतात, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. तेव्हा कार्बन-१४ (सजीवांत असणारा व ते मेल्यावर ठरावीक गतीने घटत जाणारा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वस्तूत किती उरला आहे यावरून वय काढतात, त्याचा अर्धायुकाल (तो निम्मा होण्यास लागणारा काळ) सुमारे ५,७३० वर्षे असून ही पद्धत लाकूड, कोळसा, हाडे अशा एकेकाळी सजीव असलेल्या पदार्थांना लागू पडते, दगडी हत्याराला नाही, हे स्पष्ट करावे.

आख्यायिका अवश्य सांगाव्यात, परंतु आख्यायिका म्हणूनच. गुप्तधनाच्या गोष्टी मात्र (श्रोते कितीही रमत असले तरी) टाळाव्यात, कारण त्यांतून खणण्याची हौस वाढून स्थळे उद्ध्वस्त होतात. नव्याने आढळलेल्या स्थळाचे नेमके ठिकाण जाहीर करण्यापूर्वी संबंधित पुरातत्त्व खात्यास कळवावे.