काका, तुमच्या ऱ्होडोडेंड्रॉनला सात गुच्छ आले

प्रिय काका,

सात. दोनदा मोजले. फोटो पाठवलाच आहे, पण तीन वर्षांचे आभार फोटोखालच्या दोन ओळींत उरकणं बरं वाटेना. म्हणून हे पत्र, आणि सिएटलकडे नवं घर घेणाऱ्या मराठी मंडळींनाही उपयोगी पडावं म्हणून सगळ्यांसमोर.

ऱ्होडोडेंड्रॉन हे गुच्छांनी फुलणारं झुडूप, इथलं म्हणजे वॉशिंग्टन राज्याचं राज्यफूल. गल्लीत सगळ्यांकडे फुललेलं आणि माझ्याच दारात रुसलेलं. तुम्ही त्या ऑक्टोबरात कुंपणाशी आलात तेव्हा पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि मी फायरप्लेसमधली राख मुठीमुठीने घालतोय. साताऱ्याला आई गुलाबाला घालायची ना! तुम्ही हसला नाहीत. (मी हसलो असतो.) "याला आंबट माती लागते रे, पीएच साडेचार ते सहा. राखेने पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा जातो, मग मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही."

मग फावडं मागितलंत. झाड उपटलं तर मुळांचा गोळा अजून नर्सरीतल्या कुंडीच्याच आकाराचा! दोन वर्षं जमिनीत राहून एक मूळ बाहेर पडलं नव्हतं. आमच्याच स्वयंपाकघरातल्या सुरीने तुम्ही त्याला चारी बाजूंनी उभ्या चिरा दिल्यात, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मग घराच्या सिमेंटपासून लांब, कारण त्यातूनही चुना झिरपून पीएच चढतो, आणि मुळांच्या गोळ्याचा माथा जमिनीच्या इंचभर वर ठेवून लावलंत. वर पाइनच्या सालीचा थर, खोडाला न टेकवता. मुळं उथळ असतात, खोल पुरलं की गुदमरतात. ती सुरी बायकोने परत घेतली नाही, बागेचीच झाली.

पुढच्या सप्टेंबरात मी कात्री चालवली, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. मे महिन्यात नुसती पानं बघून तुम्ही ओळखलंत. पुढच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, आणि मी त्याच कापल्या होत्या. शेजारच्या अझेलियाचीही, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्याच भावंडाची, तीच गत केली होती.

यंदा कात्री लपवून ठेवलीय. फुलं सुकली की गुच्छ अंगठ्याने मोडायचे, खालचा कोवळा कोंब सांभाळून. बोटं चिकट होतात ती होतातच. तुमच्या गुडघ्याला वाकणं जमणार नाही, म्हणून अंगणात खुर्ची टाकतो. तुम्ही बसून नुसतं सांगा, मी मोडतो. चहा आमच्याकडेच.

तुमचा,
कुंपणापलीकडचा