नंबरचा गॉगल

मखमलाबाद, नाशिक
सोमवार, रात्री

चि. सौ. वैशालीस,
अनेक आशीर्वाद.

काल तू निघताना जे झालं त्यापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. पोर चार घास खायला येते आणि तुम्ही तिला फाटकात अडवून बोलता, असं तिचं म्हणणं. असेल. पण मी पाहिलं ते पाहिलं. तू गाडीत बसलीस, लांबचं-जवळचं एकाच काचेत दाखवणारा नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा काढून डबीत ठेवलास आणि तो बिननंबरचा काळा गॉगल चढवलास. वर ओजस कौतुकाने सांगतो, "आजोबा, बोर्ड मी वाचतो ना आईसाठी!" पाचवीतलं पोरगं बोर्ड वाचणार आणि त्याची आई ठाण्यापर्यंत गाडी हाकणार.

तू म्हणालीस, "अण्णा, रस्ता पाठ आहे मला." रस्ता पाठ असतो गं. रस्त्यात बंद पडलेला ट्रेलर पाठ नसतो.

हे पत्र भांडायला नाही. फोनवर तू "बरं, बरं" म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. तुझा लांबचा नंबर मायनस सव्वादोन. म्हणजे चष्म्याशिवाय तुला हातभर अंतरापर्यंतच स्वच्छ दिसतं, पुढे सगळं पुसट. स्टिअरिंगच्या अलीकडेच तुझी नजर संपते.

तुझी अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. या रस्त्याला ऊन दोन्ही वेळा तोंडावर येतं, जाताना मावळतीचं, येताना उगवतीचं. द्राक्षांचा ट्रक घेऊन मी आधी क्रॉफर्ड मार्केटला आणि मार्केट हललं तेव्हापासून वाशीला जायचो. गोंद्याच्या पुढे सूर्य असा समोर यायचा की काचेवरचा धुळीचा कण न् कण पेटायचा. निघण्याआधी काच आतून पुसायची, हे मी क्लीनरला शिव्या घालून शिकवलं होतं. तूही पूस. निम्मी तिरीप तिथेच मरते. चाळिशी लागली तेव्हा मेन रोडच्या चष्मेवाल्याने मला फक्त लांबच्या नंबरचा हिरव्या काचेचा गॉगल करून दिला होता. तुझी आजी म्हणायची, हा सिनेमात निघाला का बाजारात? तुला तो आठवत असेल. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर तुला टेम्पो शिकवला तेव्हा तू तो माझ्या नाकावरून काढून स्वतः घातला होतास आणि पहिल्याच दिवशी चढावर, गाडी तसूभर मागे न जाऊ देता, क्लच सोडला होतास. आपल्या भावकीत गाडी चालवणारी पहिली बाई तू. हे मी तुला तोंडावर सांगत नाही, बाकी सगळ्यांना सांगतो.

असो. मुद्द्यावर येतो.

आज कॉलेज रोडच्या एका दुकानात जाऊन बसलो होतो. मुलगा हुशार होता, गिऱ्हाईक नसल्यामुळे बोललाही भरपूर. प्रोग्रेसिव्हचा नंबरचा गॉगल करता येतो, पण फ्रेम आवडली म्हणून चालत नाही. वर लांबचं, मध्ये डॅशबोर्डचं, खाली वाचायचं, एवढं सगळं एका काचेत उभं बसवायचं, तर बुबुळाच्या मध्यापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत साधारण १८ मिलिमीटर जागा हवी. अरुंद फ्रेम घेतलीस तर वाचायचा भाग कापला जातो किंवा मधली वाट फार आखूड होते. तुझ्यासारखा कानापर्यंत वळलेला स्पोर्ट्स गॉगल तर नकोच. त्या वळणावर साधी प्रोग्रेसिव्ह काच बसवली की नंबर जागचा हलतो. त्यासाठी वेगळा हिशेब करून काच बनवावी लागते, ती महाग, आणि आधीच कडेला रस्ता डुलतो ही तुझी तक्रार आहे. ते डुलणं प्रोग्रेसिव्हमध्ये असतंच. आरसा बघताना नुसते डोळे फिरवायचे नाहीत, मान वळवायची. आणि माप फ्रेम नाकावर बसवून, तू सरळ समोर बघत असताना काचेवर मार्करने ठिपका ठेवूनच घ्यायला लाव. ऑनलाइन मागवू नकोस. घामाने गॉगल नाकावरून घसरला तरी ठिपक्याचा हिशेब चुकतो, म्हणून नाकाच्या पॅडचीही फ्रेम बघ.

तुला ती उन्हात आपोआप काळी होणारी काच हवी होती ना? गाडीत तिचा फारसा उपयोग नाही. ती अतिनील किरणांनी काळी होते आणि ते पुढची काच बरेचसे अडवते. शिवाय कडक उकाड्यात ती कमी काळी होते, म्हणजे आपल्या एप्रिलमध्ये बाहेरही अर्धवटच.

पोलराइज्ड काच मात्र मला पटली. डांबरावरून, बॉनेटवरून, पुढच्या गाडीच्या काचेवरून जी चमक आडवी येते ती ही काच कापते. फक्त घेण्याआधी तुझ्या गाडीच्या स्क्रीनकडे आणि मोबाइलकडे त्यातून बघ, मान तिरकी करूनही बघ. काही स्क्रीन काळ्या पडतात. रंग राखाडी किंवा तपकिरी. काळेपणा तीन नंबरच्या कॅटेगरीचा, म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत येतो. चार नंबरची गाडीसाठी चालत नाही. आणि यूव्ही ४०० लिहिलेलं हवं, म्हणजे काच अतिनील किरण अडवते. तुझा तो पंचवटीत हातगाडीवर घेतलेला गॉगल नुसता काळा असेल तर आणखी वाईट, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि नको ते किरण जास्त आत जातात. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले ते तू माझ्याशेजारी बसून ऐकलं होतंस.

लेक्चर झालं. माफ कर. चव्वेचाळिसाव्या वर्षी, बँकेत एवढ्या माणसांना कामाला लावणाऱ्या बाईला बाप चष्मा निवडायला शिकवतो. पण एक राहिलंच आणि मुख्य तेच आहे.

तू आता समृद्धी महामार्गाने जातेस. इगतपुरीपाशी जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. भर उन्हातून त्यात शिरताना डोळ्यावर काळा गॉगल असला की आत पहिले काही क्षण काहीच दिसत नाही. तो काढलास की परत बिननंबरची. मग तू शंभरच्या वेगात डबी उघडून चष्मा शोधणार? मागच्या सीटवरून ओजस देणार? रात्री दोन वाजता मी हेच बघत पडलो होतो, आईला म्हटलं नाही.

म्हणून माझं मत असं, की गॉगल नंतर कर, घाट-देवळं हिंडायला होईल. या रस्त्यासाठी तुझ्या आहे त्याच चष्म्यावर वर उचलता येणारी पोलराइज्ड क्लिप घे. डोळ्याला सवय झालेली काच तीच राहते, बोगदा आला की एका बोटाने क्लिप वर. दिसायला अजागळ दिसते, कबूल. चुंबकाची देखणी मिळते, पण ती काढून ठेवायला हात लागतो आणि त्याच फ्रेमसाठी बनलेली असावी लागते. तुला नाही पटलं तर माझ्यासारखा नुसता लांबच्या नंबरचा गॉगल कर, तो स्वस्तही पडतो. मांडीवरचा मोबाइल त्यातून नीट वाचता येणार नाही, हा मी फायदाच धरतो. पण बोगद्याचं काय करायचं ते आधी ठरव. काहीही कर, बिननंबरची चालवू नकोस.

जावईबापूंच्या गुडघ्याचं प्लास्टर कधी निघतं ते कळव. तोवर सगळं तुझ्यावरच आहे, हे मला दिसतं. म्हणून तर.

या शनिवारी गाडी आणू नका. ठाण्याहून तपोवन एक्स्प्रेसने या, मी नाशिकरोडला रिक्षा घेऊन उभा राहतो. दुपारी दुकानात जाऊ, मुलाला सांगून ठेवलंय. पैसे मी देणार, त्यावरून तिथे वाद घालू नकोस. येताना चष्म्याचा कागद आण, नंबरचा, दोन्ही डोळ्यांचा. आई म्हणते, बेदाणे चाळून ठेवलेत, पिशवी मोठी आणा.

तुझे
अण्णा