‘आई जेवल्या’ : राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्या मामांना

मामा,

परवा पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आले, तर तुम्ही एक पेढा तोंडात टाकलात, उरलेला पुडा कामाच्या पोराकडं सरकवलात आणि म्हणालात, “बरं झालं. आता जरा बाजूला हो, गिऱ्हाईक थांबलंय.” वाटेत मनाशी जुळवलेली चार वाक्यं घशातच राहिली. म्हणून आता चारचौघांत लिहिते. इथं मला बाजूला सारता यायचं नाही.

सुरुवात २०१९ च्या उन्हाळ्यापासून. जर्मनीला जायचं म्हणून एका एजंटाला पैसे मोजले होते. गार हवेचं ऑफिस, टेबलावर परदेशाचे झेंडे, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर : “होऊन जाईल मॅडम, टेन्शन घेऊ नका.” तेच कागद तुमच्या मशीनवर ठेवताना तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, “पोरी, पासपोर्टात आडनावाला एच हाय, मार्कलिस्टला न्हाई. हे परत येणार.” दोन रुपयांच्या झेरॉक्समागं तुम्ही जे वाचलंत, ते हजारो रुपये घेणाऱ्यानं वाचलं नव्हतं. एजंटाला विचारलं तर म्हणाला, चालतंय हो. नसतंच चाललं. पुढं त्यानं माझा फोन उचलणंही बंद केलं, ते जाऊ द्या.

तिकडं पहिलं वर्ष मी खोटं बोलण्यात घालवलं. वर्गात समजलं नाही तरी मान हलवायची, घरी फोनवर “मस्त चाललंय” म्हणायचं. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, मी येत नसलेलं उत्तर लांबवत बसले आणि ५.० पडले. तिकडं १ म्हणजे उत्तम, ५ म्हणजे नापास. बाबांना आकडा सांगितला तर ते खूश झाले, “पाचपैकी पाच? झकास!” आणि मी ते तसंच राहू दिलं. खरं फक्त तुम्हाला कळवलं, कारण तुमच्यापाशी लाज वाटायचं कारण नव्हतं. तुमचं उत्तर आलं : “मग घरी सांग.” बस्स. ना धीर, ना उपदेश. मी सांगितलं नाही. तेवढी हिंमत तेव्हा नव्हती.

मग २०२१ चा जुलै आला. १४ तारखेला तिकडं पश्चिमेला आर नदीच्या खोऱ्यात पूर आला. देशभरात मिळून १८० वर माणसं गेली. मी राहत होते ते गाव लांब पूर्वेला, पण वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दिवसभर तेवढंच चालायचं. आणि आठवडाभरात आपली पंचगंगा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, बाबा गणपती घडवतात त्या आमच्या घरात पाणी, महामार्ग बंद, आईबाबांचे फोन चार्जिंगअभावी मेलेले. सोमवारी माझी तीच परीक्षा, दुसऱ्यांदा.

नातेवाईकांचे दोन तट पडले. एका तटानं ठरवलं होतं, “तिला काही कळू द्यायचं नाही, परीक्षा आहे.” दुसरा तट दर दहा मिनिटाला व्हिडिओ पाठवायचा. त्यातले निम्मे २०१९ च्या पुराचे, एक तर कोल्हापूरचाही नव्हता. मुलीला एवढ्या लांब कशाला धाडता म्हणून वर्षभर बाबांचं डोकं खाल्लेली मंडळीच यात सगळ्यांत पुढं होती.

आणि तुमचा मेसेज. आपल्या रात्री दहाला, म्हणजे तिकडं साडेसहाला. पहिला मला तोंडपाठ आहे : “पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांच्या वर. धोका पातळी. तुझ्या आईबाबांना दुकानाच्या माडीवर आणलंय. आई जेवल्या.”

दुसऱ्या रात्री पुन्हा फूट, इंच, आणि आई जेवल्या. तिसऱ्या रात्री : “५६ फुटांच्या वर गेलं होतं. नळाला पाणी नाही, टँकर आला होता. आई जेवल्या. बाबा कमी जेवले.”

मामा, ते “बाबा कमी जेवले” वाचून मी रडले, आणि मग दोन दिवसांत पहिल्यांदा झोपले. कारण कळलं, हा माणूस मला सगळं सांगतोय. पदरचं काही घालत नाही, झाकतही नाही. सगळं ठीक आहे असं लिहिलं असतंत, तर मी रात्रभर छताकडं बघत बसले असते. शेजारच्या खोलीतल्या जर्मन मुलीनं विचारलं, तुमच्याकडं किती पाणी? मी म्हटलं, सतरा मीटर. ती मटकन खाली बसली. मग ही बंधाऱ्यावरची मोजपट्टी, घरातलं पाणी नव्हे, हे तिला कागदावर काढून दाखवताना माझ्या लक्षात आलं की माझा हात थरथरत नाहीये.

चौथ्या रात्रीचा मेसेज मी अजून ठेवलाय. “पाणी उतरतंय. बाबा गल्लीत जाऊन आले. खालचे सगळे गणपती गेले. वरच्या फळीवरचे ४० राहिलेत. बाबा तुला सांगणार न्हाईत, म्हणून मी सांगतो. आई जेवल्या.”

त्या रात्री परीक्षेच्या अभ्यासाला माझ्यासमोर मातीचंच पुस्तक उघडं होतं. भट्टीत साधारण ५०० ते ६०० अंशांना काओलिनाइट या मातीतल्या खनिजाच्या रचनेतलंच पाणी निघून जातं आणि मग ती माती पुन्हा चिखल होत नाही. मला पाठ होतं हे. आमचे गणपती शाडूचे, न भाजलेले. विसर्जनात विरायचे ते दीड महिना आधी घरातच विरले.

मी तेव्हाच बाबांना तुमच्या फोनवर फोन लावला. म्हटलं, बाबा, गणपतींचं मला कळलंय. आणि माझे पाच म्हणजे नापास होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आता ४० रंगवायला घेतो. तू बी बस अभ्यासाला.”

सोमवारी सरांनी तिसराच प्रश्न असा विचारला की मला ओ की ठो कळेना. मी म्हटलं, मला हे येत नाही. आयुष्यात परीक्षकाला पहिल्यांदा असं म्हटलं असेन. त्यांनी शांतपणे मान डोलावली आणि पुढचा प्रश्न घेतला. १.७ मिळाले.

परदेशात जाऊन शहाणी झाली पोरगी, असं हल्ली गल्लीत म्हणतात. मी हसते. पोटासाठी रांधायला आणि थंडीत एकटीनं राहायला तिकडं शिकले, हे खरं. पण जेवढं माहीत आहे तेवढंच आणि तसंच सांगावं, हे राजारामपुरीतनं रोज रात्री दहाला येत होतं.

शहरात तेव्हा तालमीतल्या पोरांनी खांद्यावरून म्हातारी माणसं काढली, कुणी हजारो भाकरी थापल्या. त्यांच्यापुढं माझ्या चार ओळी काय, असं तुम्ही म्हणणार. म्हणा.

हे पत्र उद्या तुमच्याकडंच झेरॉक्सला आणणार आहे. वाचायचं नाही म्हणालात तरी काचेवर पालथं घालताना दिसेलच. दोन पानं, दोन प्रती. पैसे मात्र घ्या.

तुमची,
कुंभार गल्लीतली पोरगी