मोंब्लांवर खलाशीही गेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉ. होमी भाभांच्या पुण्यतिथीनिमित्त आपण छापलेला लेख वाचला. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जिनिव्हाला उतरायच्या बेतात असताना आल्प्समधल्या मोंब्लां या शिखरावर आदळले आणि त्यात डॉ. भाभा गेले, हे लेखात आहे. घातपाताच्या शंकांना तर भरपूर जागा दिली आहे. पण विमानात ११७ माणसे होती आणि त्यांतले ४६ जण भारतीय खलाशी होते, याबद्दल एक ओळही नाही. माझा जन्म बोटीवरच्या नोकरीत गेला. मला ते लागले, म्हणून हे पत्र.

शंकांचे म्हणाल, तर फ्रेंच चौकशीत कारण पुढे आले आहे. विमानातले दिशादर्शक यंत्र नादुरुस्त होते. जिनिव्हाच्या रडारवरून मोंब्लां अजून पाच मैल पुढे असल्याचे सांगितले गेले, पण कॅप्टनचा समज झाला की शिखर मागे पडले. त्यांनी विमान खाली घेतले. ज्यांची माणसे गेली त्यांच्या घरी दरवर्षी नवा संशय पाठवू नये, एवढीच विनंती.

खलाशी विमानात कसे, असे नातवाने विचारले. बोट परदेशी बंदरात उभी असते, जुन्या लोकांचा करार संपतो आणि नवी टोळी मुंबईहून विमानाने पाठवतात. आम्हीही तसेच गेलो. एजंटचा माणूस सगळ्यांचे पासपोर्ट सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, हातात द्यायचा, सारंग दर विमानतळावर डोकी मोजायचा. अंगात चोरबाजारातून घेतलेला, कुणा उंच माणसाचा कोट. पिशवीत सुके बोंबील आणि घरचे लोणचे. घरी अ‍ॅलॉटमेंटचे, म्हणजे पगारातून परस्पर घरी जाणारे, पैसे कधीपासून सुरू होतील, हीच बोलणी. त्या ४६ जणांची काही वेगळी असतील असे मला वाटत नाही.

आणि हे पहिल्यांदा घडले नव्हते. ३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान याच मोंब्लांवर कोसळले होते. ४८ जण गेले. त्यातले ४० प्रवासी म्हणजे इंग्लंडात बोटीवर रुजू व्हायला निघालेले खलाशीच. त्यांच्या शोधाला बर्फात निघालेला, पायथ्याच्या शामोनी गावचा वाटाड्या रेने पायो हिमभेगेत पडून मेला. आपल्या माणसांसाठी परक्या मुलखातल्या माणसाने जीव दिला, हेही आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही.

तिथली बोसों हिमनदी अजून एकेक वस्तू खाली आणून देते. १९६६ च्या विमानातली म्हणाल, तर २०१२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची पिशवी सापडली, ती आपल्या पॅरिसच्या दूतावासाने ताब्यात घेतली. २०१३ मध्ये पाचू-माणकांची पेटी मिळाली, २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी असलेली वर्तमानपत्रे. प्रत्येक वेळी बातमी झाली. पाचू कोणाचे, यावर चर्चा झाली. माणसे कोणाची, हे विचारायला नको?

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. बोट मिळेपर्यंत आम्ही तिथे उतरायचो. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या आपल्या खलाशांची नावे तिथे कोरलेली आहेत. बंदरावरून परतल्यावर जेवणाआधी त्यांतली नावे वाचत उभे राहणारे म्हातारे सारंग मी पाहिले आहेत. कुणाचा चुलता, कुणाचा गाववाला. तिथेच या दोन विमानांतल्या खलाशांच्या नावांचीही पाटी लागली पाहिजे. ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो, त्या दिवशी ती लावता येईल. प्रवाशांची यादी विमान कंपनीकडे असायला हवी आणि खलाशांची नोंद मुंबईच्या शिपिंग मास्टरच्या, म्हणजे खलाशांची भरती पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयात होत असे. दोन्हीकडे विचारणा करण्याचे काम आपल्या दैनिकाने हाती घ्यावे. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या घरातला माणूस १९५० किंवा १९६६ च्या विमानात असेल, तर त्यांनी आपल्याकडे नाव आणि गाव कळवावे.

आपला,
एक निवृत्त खलाशी, गुहागर